प्रतिसाद: नुसत्या घनतेवरून गाव कळत नाही

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागलं (म्हणजे घनता काढली) की पालिका, म्हणजे स्थानिक कारभाराचा भाग, किती ग्रामीण ते कळतं. मला हे पटत नाही. नॉर्वेतली उत्सिरा पालिका बघा. सुमारे 6 चौरस किलोमीटरचं बेट, माणसं जेमतेम 200, तरी घनता चौरस किलोमीटरला तिशीच्या पुढे! उलट उत्तरेकडच्या काउतोकेइनो पालिकेत माणसं तीन हजारांच्या आसपास, पण क्षेत्रफळ साडेनऊ हजार चौरस किलोमीटरहून जास्त. म्हणजे तीन चौरस किलोमीटरला साधारण एक माणूस. पण म्हणून ती जमीन ओसाड म्हणायची का? तिथल्या विस्तीर्ण पठारावर सामी या तिथल्या मूळनिवासी लोकांचे रेनडिअरचे कळप हिवाळ्यात चरतात आणि उन्हाळ्यात किनाऱ्याकडे जातात. शिरगणतीत माणसं मोजली जातात, जमिनीची ही वहिवाट मोजली जात नाही.