मदत हवी आहे : जर्मनीत रूम मिळाली, पण आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) अडलंय आणि पैसेही

सह्यकडा
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. रूम मिळाली, सामान टाकलं. आता रूमवाला म्हणतो, राहा, पण आनमेल्डुंगसाठी कागद मिळणार नाही. त्याशिवाय ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले) पैसे सुटत नाहीत. बरोबर आणलेले युरो डिपॉझिटमध्ये गेले. युनिव्हर्सिटीत विचारलं तर म्हणाले, घरमालकाशी बोला. दुसरी रूम शोधू की इथेच भांडू? घरून पैसे मागवायचे नाहीयेत. कृपया लवकर सांगा.

निरंजन_म
शहर कोणतं? पूर्ण डिग्रीसाठी आलात की एक्स्चेंजवर? किती महिने राहणार? रूमवाला म्हणजे स्वतः मालक की तिथला भाडेकरू? लेखी करार आहे का? एवढं कळल्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

आदिती_क
आधी हेल्थ इन्शुरन्सचं बघा! तो नसेल तर प्रवेशच पक्का होत नाही. तिशीच्या आत असाल तर सरकारी क्रांकनकास्सेचा (आरोग्य विमा संस्थेचा) विद्यार्थी विमा घ्या. स्वस्त दिसतो म्हणून खासगी घेऊ नका. त्यासाठी एकदा सरकारीतून सूट घेतली की तो अभ्यासक्रम संपेपर्यंत परत फिरता येत नाही. माझ्या भावाने हे फार भोगलंय.

सह्यकडा
विमा झालाय, कॉलेजलाही कळवलाय. गटिंगेन. एक्स्चेंज, एक सेमिस्टर, मार्चअखेरपर्यंत. रूमवाला भाडेकरूच आहे, तो स्वतः सेमिस्टरभर स्पेनला गेलाय. करार एका पानाचा आहे, दोघांच्या सह्या आहेत. आता सांगा.

प्रवासी_नाशिक
एकाच सेमिस्टरसाठी असाल तर नोंदणी लागतच नाही. सहा महिन्यांपर्यंत सूट असते. उगाच डोकेदुखी कशाला?

निरंजन_म
प्रवासी, सहा महिन्यांची सूट ज्याची जर्मनीत आधीच दुसरीकडे नोंद आहे त्याला. परदेशातून आलेल्याला तीन महिन्यांपर्यंतच. हे मार्चपर्यंत आहेत, म्हणजे नोंदणी करावीच लागणार, आणि यांचं काम अडलंय ते आत्ता.

सह्यकडा, तुम्ही भाडेकरूकडून रूम घेतली आहे ना? मग कायद्याने तुमचा वोनुंग्सगेबर (राहायला जागा देणारा) तोच. तुम्ही तिथे राहता अशी खात्री देणाऱ्या फॉर्मवर त्याचीच सही चालते, मूळ मालकाची लागत नाही. बहुतेकांना हे माहीत नसतं, म्हणून ते घाबरून नाही म्हणतात. नोंदणी कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे सही देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, नाही दिली तर १,००० युरोपर्यंत दंड. फॉर्म शहराच्या साइटवर मिळतो. तो भरून त्याला पाठवा, सही करून स्कॅन मागवा. आणि मूळ कागद पोस्टाने पाठवायला सांगा, खिडकीवर कधी मूळच मागतात.

स्वाती_ड्रेस्डेन
कायद्याची कलमं दाखवून काय होणार? पोरगं नवीन आहे, एकटं आहे. रूमवाल्याने मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवला असणार, म्हणून टाळतोय. मालकाला कळलं तर त्याचाच करार जाऊ शकतो. भांडलात तर उद्या तुम्हालाच बाहेर काढेल. मी तर म्हणेन, तिथल्या एखाद्या मराठी मित्राच्या पत्त्यावर नोंद करून टाका. बरेच जण करतात.

निरंजन_म
स्वातीताई, हे कृपया कुणालाही सुचवू नका. नोंद करणारा जिथे राहत नाही तिथला पत्ता नोंदणीसाठी देऊ करणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड आहे. मदत करणारा मित्रच अडकेल.

स्वाती_ड्रेस्डेन
बरं, दंडाचं मान्य. पण भांडू नका हे माझं म्हणणं कायम आहे. नरमाईने विचारा, आणि श्टुडिएरेंडनवेर्कच्या (विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेच्या) होस्टेलच्या यादीत आजच नाव घाला. सेमिस्टर सुरू झाल्यावर काही जण येतच नाहीत आणि खोल्या सुटतात.

जुना_पुणेकर
अवांतर : गटिंगेन वाचून राहवलं नाही. आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न १८८२ मध्ये तिथे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती आजही अभ्यासक हाती घेतात. पुण्याचं आणि या गावाचं नातं जुनं आहे. सवड मिळाली की तिथल्या ग्रंथालयात जरूर जा.

सह्यकडा
काका, नक्की जाईन. पण आधी पैसे सुटू देत.

मेघना_आखन
धागाकर्त्याला एक विचारायचं राहिलंय. नोंदणीचा कागद नक्की कोण मागतंय? ब्लॉक्ड अकाउंटची कंपनी की बँक? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

सह्यकडा
आत्ता मेल उघडून पाहिला. कंपनीला इथल्या चालू खात्याचा आयबान (खाते क्रमांक) हवाय, तो दिला की महिन्याला ९९२ युरो येणार. चालू खातं उघडायला बँक नोंदणीचा कागद मागते.

मेघना_आखन
मग तुमची घाई बँकेशी आहे! बाझिसकोंटो मागा. २०१६ पासूनच्या कायद्याने युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही हे साधं खातं मिळण्याचा हक्क आहे, कायमचा पत्ता नसला तरी. बँकेने पूर्ण अर्ज मिळाल्यापासून कामाच्या १० दिवसांत खातं द्यायचं असतं, नाकारलं तर कारण लेखी. काउंटरवर तोंडी 'नाही' म्हटलं म्हणून परतू नका. त्या खात्याचा छापील अर्ज असतो, तो भरून द्या. पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं प्रमाणपत्र आणि तो एका पानाचा करार बरोबर न्या. पत्र येईल असा पत्ता तर तुमच्याकडे आहेच.

प्रवासी_नाशिक
त्यापेक्षा मोबाइलवरची बँक बरी. व्हिडिओवर पासपोर्ट दाखवला की झालं.

मेघना_आखन
काही ठिकाणी भारतीय पासपोर्ट व्हिडिओ ओळखीला चालत नाही. आधी त्यांच्या यादीत बघा, मगच वेळ घालवा.

सह्यकडा
रूमवाल्याला फॉर्म पाठवला. 'मालकाची सही लागत नाही' हे कळल्यावर जरा नरमला, उद्या सांगतो म्हणाला. समजा नाहीच म्हणाला तर?

निरंजन_म
तर करार आणि त्याचे नकाराचे मेसेज घेऊन ब्युर्गरबूरोत (नोंदणी होते त्या नागरी कार्यालयात) जा आणि सही मिळत नाही असं सांगा. हे कळवणं तुमच्यावरही कायद्याने आहे, म्हणजे कुणाची चहाडी नाही. पुढे त्याला विचारायचं की नाही ते कार्यालय बघेल. टर्मिन (भेटीची वेळ) मात्र आजच घेऊन ठेवा, सही नंतर आली तरी चालेल.

मेघना_आखन
आणि पत्रपेटीवर व बेलवर तुमचं आडनाव आत्ताच चिकटवा, पासपोर्टवर आहे तसंच. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि बँकेचं कार्ड, पिन, टॅक्सचा नंबर हे सगळं पोस्टानेच येतं.

सह्यकडा
चिकटवलं. टर्मिन पुढच्या मंगळवारचा मिळाला. बाझिसकोंटोचा अर्ज उद्या सकाळी देतोय. मेघनाताई, कराराची जर्मन प्रत तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) करू का, एकदा नजर टाकाल?

मेघना_आखन
करा. आज रात्री बघते.