मदत हवी आहे: लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचा वेग वाढवणं कुठे थांबवायचं?

आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) कोअर क्लॉक, म्हणजे मुख्य चिपचा वेग, १५-१५ मेगाहर्ट्झने वाढवत +१२० पर्यंत नेलाय, प्रत्येक टप्प्याला अर्धा तास गेम चालवून. तापमान ८२ अंशांवर स्थिर. +१३५ ला ड्रायव्हर रीसेट होतो, म्हणजे कोअरची हद्द कळली. अडलंय ते मेमरीपाशी. +४०० ला गेमच्या दर सेकंदाच्या फ्रेम वाढतात; +६०० ला पडद्यावर बिघाडाचा एक ठिपकाही उमटत नाही, तरी फ्रेम घटतात!

जीडीडीआर६ (कार्डावरची मेमरी) चुकलेला डेटा पुन्हा पाठवते म्हणून हे होतंय, की मेमरी जास्त वॉट खाते आणि कोअरचा वेग खाली येतो? (पॉवर लिमिटची, म्हणजे कार्डाला मिळणाऱ्या वॉटची मर्यादा बदलायची पट्टी लॅपटॉपमध्ये बंदच आहे.) नेमकं कारण कसं ओळखायचं? कर्व्ह एडिटरमध्ये (कोणत्या व्होल्टेजला कोअरचा किती वेग, हे ठरवणारा आलेख) ८५० मिलिव्होल्टला रेघ सपाट करून वाचलेले वॉट मेमरीला मिळतील का? ज्यांनी हे केलंय, त्यांनी आकड्यांसकट सांगा.