प्रेषितांचा अधिकार: डोक्यावर ठेवलेल्या हातातून की शिकवणीतून?

बरेच दिवस मनात घोळतंय. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती म्हणतात की प्रेषितांनी (येशूने सुवार्ता, म्हणजे त्याची शिकवण, सांगायला पाठवलेल्यांनी) बिशपांच्या, म्हणजे मंडळ्यांच्या (चर्चच्या) प्रमुखांच्या, डोक्यावर हात ठेवून त्यांना नेमलं, त्यांनी पुढच्यांच्या, ती साखळी आजवर तुटली नाही, म्हणून अधिकार आमच्याकडे. मला नाही पटत. प्रेषित पौल गलतीकरांना (गलतियातल्या ख्रिस्ती लोकांना) पत्रात सरळ लिहितो की माझं प्रेषितपण माणसांकडून आलेलं नाही, आणि त्याच पत्रात सांगतो की अंत्युखिया शहरात मी प्रमुख प्रेषित पेत्राला तोंडावर विरोध केला. खुद्द पेत्र सुवार्तेपेक्षा मोठा नव्हता, मग त्याच्या गादीवरचा पोप कसा होईल?

प्रतिसाद १: पौल अर्धाच वाचलात. तोच आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सांगतो, माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, ते पुढे इतरांना शिकवतील. ही साखळीच झाली ना? इ. स. १८० च्या सुमारास इरेनियस या बिशपाने रोमच्या बिशपांची यादी दिली ती मिरवायला नव्हे. नॉस्टिक पंथाचे लोक प्रेषितांच्या गुप्त शिकवणीचा दावा करत होते, तो म्हणाला, गुप्त काही असतं तर प्रेषितांनी ज्यांच्या हाती मंडळ्या दिल्या त्यांनाच आधी सांगितलं असतं.

धागाकर्ता: म्हणजे यादी शिकवणीची साक्ष म्हणून होती, हेच तर म्हणतोय! आणि ‘विश्वासू’ हा शब्द गाळू नका. नेस्टोरियस साखळीतलाच होता, कॉन्स्टँटिनोपलचा बिशप, तरी ४३१ साली इफिससच्या परिषदेने त्याला चुकीच्या शिकवणीसाठी पदावरून काढलं.

प्रतिसाद १: काढलं कोणी? बिशपांनीच. प्रत्येकाने पवित्र शास्त्र उघडून आपापलं ठरवायचं तर नेस्टोरियसही तेच म्हणाला असता, मग निवाडा कुणाचा?

प्रतिसाद २: मला त्रास वेगळाच होतो. १८९६ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी अँग्लिकन चर्चच्या (इंग्लंडच्या चर्चच्या) धर्मगुरूंच्या दीक्षा पूर्णपणे रद्दबातल ठरवल्या, का तर सोळाव्या शतकात त्या चर्चने दीक्षाविधीचे शब्द आणि त्यामागचा हेतू बदलला, म्हणजे साखळी तुटली म्हणून. आयुष्यभर लोकांची सेवा केलेल्या माणसाला तू धर्मगुरूच नाहीस म्हणायचं, कसं वाटत असेल त्याला?

प्रतिसाद १: वाईट वाटतंच, पण वाईट वाटतं म्हणून विधी वैध ठरत नाही.

धागाकर्ता: निवाडा कुणाचा हा प्रश्न खरा आहे, तो मी टाळत नाही. बायबलच्या नव्या करारातल्या २७ पुस्तकांची नेमकी यादी ३६७ साली अथनासियसने दिली, तोही बिशपच, मान्य. पण ती पुस्तकं आधीपासून मंडळ्यांत वाचली जात होती, त्याने ती ओळखली, त्यांना अधिकार दिला नाही. बिशपांकडून मला एवढंच हवंय, ओळखणं.