९८.६ पर्सेंटाइलवर पुण्यात संगणक शाखा मिळण्याची शक्यता नेमकी कशी ठरवावी?

प्रश्न: एक पालक, सिंहगड रस्ता

नमस्कार. माझ्या मुलीला यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या एमएचटी-सीईटीत (राज्याच्या प्रवेश परीक्षेत) पीसीएम, म्हणजे भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित गटात ९८.६ पर्सेंटाइल मिळाले आहेत. तिची बारावी पुण्यातूनच झाली. आम्ही खुल्या प्रवर्गातले आहोत आणि ईडब्ल्यूएसच्या (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या) उत्पन्नमर्यादेत बसत नाही. तिला संगणक अभियांत्रिकी हवी आहे. ती नाहीच मिळाली तर माहिती तंत्रज्ञान किंवा इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार घेण्याची तिची तयारी आहे. तिच्या मनातला पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचा क्रम सीओईपी, पीआयसीटी, कमिन्स आणि मग व्हीआयटी असा आहे.

आम्ही दोन प्रवेश सल्लागारांना भेटलो. पहिल्यांनी कागदपत्रे न पाहताच सांगितले, "पीआयसीटी कॉम्प्युटरचा चान्स ऐंशी टक्के आहे, निश्चिंत राहा." दुसऱ्यांच्या मते पुण्यात तिला मनासारखे काहीही मिळणार नव्हते आणि व्यवस्थापन कोट्यातील जागा आत्ताच पकडणे शहाणपणाचे होते. ऐंशी टक्के हा आकडा कुठून आला, असे मी विचारले तेव्हा "अनुभवावरून" एवढेच उत्तर मिळाले. दोघांनीही फी घेतली, पण गणित कोणीच उलगडून दाखवले नाही.

शेवटी गेल्या वर्षीची कटऑफ यादी छापून आणली आणि लाल पेन घेऊन बसले. एकाच महाविद्यालयाच्या एकाच शाखेपुढे दहा-बारा आकडे आहेत, प्रत्येक आकड्याखाली कंसात पर्सेंटाइल आहे, आणि फेरी बदलली की सगळेच बदलते. यातला आमच्या मुलीला लागू पडणारा आकडा कोणता, आणि त्यावरून यंदाचा अंदाज कितपत बांधता येतो? तिला खोटी आशा द्यायची नाही आणि विनाकारण खचवायचेही नाही, म्हणून जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

उत्तर १: निवृत्त प्राध्यापक, कर्वेनगर

ताई, मी अनेक वर्षे अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवले आणि दर उन्हाळ्यात आमच्याकडच्या सुविधा केंद्रात अर्जांची तपासणीही केली. आपल्यासारखी लाल पेनाने रंगवलेली यादी घेऊन येणारे पालक मला दरवर्षी भेटत. ती यादी वाचायची कशी हेच त्यांना कोणी सांगितलेले नसे.

आधी स्तंभ ठरवा. स्तंभाच्या नावातले पहिले अक्षर 'जी' म्हणजे सर्वसाधारण जागा आणि 'एल' म्हणजे मुलींसाठी राखीव असलेल्या तीस टक्क्यांतील जागा. शेवटचे अक्षर 'एच' असेल तर ती जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातून बारावी झालेल्यांसाठी, 'ओ' असेल तर बाहेरच्यांसाठी आणि 'एस' असेल तर साऱ्या राज्यासाठी असते. बारावी पुण्यातून झाल्यामुळे आपल्या मुलीचे गृह विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, ज्यात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. म्हणून तिने जी-ओपन आणि एल-ओपन हे दोनच स्तंभ पाहायचे. जिथे जागा गृह विद्यापीठाप्रमाणे वाटलेल्या आहेत तिथे 'एच'चे आणि जिथे राज्यस्तरीय आहेत तिथे 'एस'चे. सीओईपीच्या जागा राज्यस्तरीय आहेत, त्यामुळे तिथे पुण्याचे असल्याचा लाभ नाही. कमिन्स हे मुलींचेच महाविद्यालय असल्याने तिथे मुलगी म्हणून वेगळा फायदा होत नाही. टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिक्षणशुल्क माफीच्या जागांचा आकडा बहुधा खुल्या जागेपेक्षाही वर असतो. आपण उत्पन्नमर्यादेत बसत नसल्याने त्याकडे पाहून घाबरण्याचे कारण नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुलना पर्सेंटाइलची करू नका, मेरिट नंबरची, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतील क्रमांकाची करा. कंसाच्या वर छापलेला आकडा तोच. २०२४ मध्ये पीसीएम गटाची परीक्षा सुमारे ३ लाख विद्यार्थ्यांनी दिली होती, यंदा ती संख्या ४ लाख २० हजारांच्या आसपास गेली. गेल्या वर्षी ९८.६ पर्सेंटाइलवाल्या विद्यार्थ्याच्या पुढे ३ लाखांचे १.४ टक्के, म्हणजे साधारण ४,२०० जण होते. यंदा त्याच पर्सेंटाइलवर पुढे सुमारे ५,९०० जण आहेत. गेल्या वर्षीच्या त्या ४,२०० व्या स्थानावर यंदा उभे राहायचे तर ९९ पर्सेंटाइल लागतील. हा ढोबळ हिशेब आहे, कारण प्रत्येक सत्राचे पर्सेंटाइल वेगळे काढून मग एकत्र केले जातात आणि परीक्षा दिलेले सगळेच कॅपमध्ये (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) येत नाहीत. तरीही "गेल्या वर्षी ९८.५ वर बंद झाले, आपले ९८.६ आहेत, म्हणजे झाले" हा घरोघरी ऐकू येणारा तर्क यंदा का फसेल, ते यावरून ध्यानात येईल. उलट बाजूही सांगतो. वाढलेले सगळे विद्यार्थी वरच्या टोकालाच आलेले नसतात, हव्या त्या महाविद्यालयात जागा वाढल्या असतील तर कटऑफ खाली येतो, आणि २०२४-२५ पासून एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढल्यापासून अनेक ठिकाणी संगणकाच्या तुकड्या वाढल्या आहेत. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाची यंदाची प्रवेशक्षमता गेल्या वर्षीच्या शेजारी लिहून काढा. या कामाला एक संध्याकाळ पुरते, पण मला भेटलेल्या सल्लागारांपैकी फार थोडे ते करत.

जुन्या याद्या वापरताना आणखी एक भान ठेवावे लागते. २०२४ पासून एसईबीसीचे (मराठा समाजासाठीचे) दहा टक्के आरक्षण लागू झाल्याने खुल्या जागांची संख्या आणि त्यांवरचे स्पर्धक, दोन्ही बदलले. त्यामुळे २०२३ ची यादी २०२४ च्या शेजारी ठेवून सरासरी काढणे योग्य नाही. दिशा पाहण्यापुरतीच ती उपयोगाची.

यावरूनच "ऐंशी टक्के" या शब्दाची किंमत ठरते. तुलना करण्याजोगी वर्षे हातात एक किंवा दोन असताना कोणी ऐंशी, पंच्याहत्तर असे आकडे सांगत असेल, तर तो अचूकतेचा आभास आहे. माझ्या मते तीनच गट पुरतात. तिचा मेरिट नंबर पहिल्या फेरीतच गेल्या वर्षीच्या शेवटच्या नंबराच्या बराच आत येत असेल तर ती शाखा मिळेल असे धरावे. फक्त शेवटच्या फेरीच्या आसपास येत असेल तर मिळूही शकेल असे म्हणावे. आणि कोणत्याच फेरीत जवळ येत नसेल तर इच्छा म्हणून यादीत ठेवून आशा मात्र ठेवू नये. या मोजमापाने सीओईपीची संगणक शाखा तिसऱ्या गटात जाते, यात शंका नाही. पीआयसीटीची संगणक शाखा खुल्या जागांवर ९९ च्या वर बंद होत आली आहे, म्हणून तिलाही मी तिसऱ्या गटाच्या काठावर ठेवीन आणि एल-ओपनचा स्तंभ मात्र काळजीपूर्वक पाहीन. दूरसंचार शाखा संगणकाच्या खाली बंद होते. खरी चुरस तिथे आणि कमिन्समध्ये असेल. मेरिट नंबर कळवलात तर पुढे बोलता येईल.

उत्तर २: द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, धनकवडी

सरांनी सगळे नेमके सांगितले आहे. मी फक्त पसंतीक्रमाबद्दल लिहितो, कारण गेल्या वर्षी त्यातच माझे नुकसान झाले. आमच्या सल्लागारांनी शक्यतेप्रमाणे पर्याय लावायला सांगितले होते, म्हणजे जे नक्की मिळेल ते सर्वांत वर. घाबरून मी तसेच केले. पहिल्याच फेरीत पहिला पर्याय मिळाला, जागा आपोआप गोठली आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद झाले. मला मनापासून हवी असलेली शाखा तिसऱ्या फेरीत माझ्या मेरिट नंबराच्याही मागे जाऊन बंद झाली. ती यादी मी मोबाइलवर तीन वेळा वर-खाली करून पाहिली. जी-ओपन-एचच्या रकान्यातला शेवटचा नंबर माझ्यापेक्षा २१२ ने मोठा होता.

शक्यता मोजायची ती यादी कुठपर्यंत लांबवायची हे ठरवण्यासाठी. क्रम मात्र इच्छेचाच ठेवायचा. वरचा पर्याय मिळाला नाही तर संगणक प्रणाली फक्त पुढच्या पर्यायाकडे जाते, मोठी इच्छा धरल्याबद्दल खालचे पर्याय कापले जात नाहीत. यंदा चार फेऱ्या आहेत आणि नियमही कडक झाले आहेत: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला तर, तो घ्यावाच लागतो. त्यामुळे वरच्या सहा ओळींत "बघू, पुढे बदलता येईल" अशा विचाराने एकही पर्याय टाकू नका.

प्रश्नकर्त्या पालक

आपले दोघांचेही मनापासून आभार. काल मी आणि मुलगी जेवणाच्या टेबलावर याद्या पसरून रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. एका वहीत तिने चार रकाने आखले: गेल्या वर्षीची क्षमता, यंदाची क्षमता, पहिल्या फेरीचा शेवटचा मेरिट नंबर आणि शेवटच्या फेरीचा. तिचा स्वतःचा मेरिट नंबर साडेपाच हजारांच्या जवळ आहे. पहिल्या सल्लागारांनी आम्हाला दाखवलेला आकडा दुसऱ्याच प्रवर्गाच्या स्तंभातला निघाला, हे तिनेच बोट ठेवून दाखवले. पीआयसीटी संगणकाच्या पुढे तिने स्वतःच "इच्छा" असे लिहिले आणि शांतपणे पुढच्या ओळीकडे गेली. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच ती या विषयावर माझ्याशी न रडता बोलली, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

एक शंका उरली आहे. सीओईपीतील धातुशास्त्र किंवा स्थापत्य तिच्या नंबरावर मिळण्याजोगे दिसते. नातेवाईक म्हणतात, सीओईपी ते सीओईपी, शाखा कोणती का असेना. हे पर्याय दुसऱ्या महाविद्यालयातील संगणकाच्या वर ठेवावेत का?

उत्तर ३: एक पालक, बिबवेवाडी

माझा मुलगा याच पेचातून गेला आहे. सीओईपीला १८५४ पासूनची परंपरा आहे आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीत आपले मूल शिकावे असे पुण्यातल्या कोणाला वाटत नाही! पण चार वर्षे रोज सकाळी उठून तो विषय तिला शिकायचा आहे, नातेवाइकांना नाही. आम्ही मुलाला दोन्ही शाखांच्या दुसऱ्या वर्षाचे विषय छापून दिले आणि कोणते पुस्तक उघडावेसे वाटते एवढेच विचारले. त्याने मागेपुढे न पाहता स्थापत्य निवडले आणि आज तो तिथे आनंदात आहे. आपल्या मुलीचे उत्तर वेगळे असू शकते. शाखा बदलून मिळेल या भरवशावर मात्र प्रवेश घेऊ नका. ते फार थोड्यांना जमते.

उत्तर १ कडून पुन्हा: निवृत्त प्राध्यापक, कर्वेनगर

बिबवेवाडीच्या पालकांशी मी पूर्ण सहमत आहे. मुलीला धातुशास्त्र मनापासून नको असेल तर ते वरच्या सहा ओळींत येता कामा नये, कारण नेमके तेच मिळेल आणि मग सोडता येणार नाही.

साडेपाच हजारांच्या नंबरावर मी पहिल्या दोन ओळींत सीओईपी आणि पीआयसीटीची संगणक शाखा जशी आहे तशीच ठेवीन. त्याखाली कमिन्सची संगणक शाखा, पीआयसीटीची माहिती तंत्रज्ञान, व्हीआयटीची संगणक आणि पीआयसीटीची दूरसंचार, यांचा आपसातला क्रम तिने स्वतः ठरवावा. त्यापुढे नक्की मिळतील असे किमान दहा-बारा पर्याय असू द्या. पीसीसीओईसारखी पिंपरी-चिंचवडची महाविद्यालये पाहताना सिंहगड रस्त्यावरून रोज निगडीला जाण्यायेण्यात किती वेळ जाईल, हे एकदा सकाळी प्रत्यक्ष जाऊन पाहा. मधल्या फेऱ्यांत राष्ट्रीय संस्थांत किंवा परराज्यांत गेलेल्या मुलांच्या जागा सुटतात आणि यादी थोडी हलते, त्यामुळे पहिल्या फेरीच्या निकालाने खचून व्यवस्थापन कोट्याचे पैसे भरू नका.

फॉर्म भरून झाल्यावर तो कन्फर्म करायला विसरू नका, नाहीतर तो फेरीत धरलाच जात नाही. प्रत्येक ओळीतील चॉइस कोड मुलीने मोठ्याने वाचावा आणि आपण छापील यादीवर बोट ठेवून तो जुळवावा. एकाच महाविद्यालयाच्या दोन शाखांचे कोड शेवटच्या काही अंकांनीच वेगळे असतात आणि सुविधा केंद्रात माझ्यासमोर आलेल्या बहुतेक चुका त्या अंकांतच होत्या.