"देव सगळ्यांचा एकच" हे खरंच पटतं का?

शहापूरकर:
परवा पाहुण्यांच्या वास्तुशांतीला गेलो होतो. पंगत उठली, पानसुपारी झाली, आणि गप्पा वळत वळत धर्मावर आल्या. मी सहज म्हटलं, "अहो, शेवटी देव सगळ्यांचा एकच." आमच्या साडूंनी हातातला तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "हे वाक्य कुठलाच धर्म नीट माहीत नसलेला माणूस बोलतो." बायकोनं डोळे वटारले म्हणून तिथं गप्प बसलो. इथं बोलतो.

माझी आजी दर गुरुवारी पिराला मलिदा न्यायची, मंगळवारी देवीची ओटी भरायची, आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलं की कॅम्पातल्या चर्चमध्ये जाऊन मेरीमाईपुढं मेणबत्ती लावायची. मलिदा शिळ्या चपात्यांचा नाही हं. मुद्दाम ताज्या लाटायच्या, तव्यावरून उतरल्या की चटके सोसत कुस्करायच्या, गूळ-तूप घालून मुठीत दाबायच्या. मूठ उघडली की मलिद्यावर तिच्या चार बोटांचे ठसे. तिला मी विचारलं असतं की आजी, हे देव तीन की एक, तर तिनं मला वेड्यात काढलं असतं.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यात जाऊन बघा. दारातच दुर्गादेवी, आत १२०४ सालची कमल बस्ती म्हणजे जैन देऊळ, साफा मशीद, रामकृष्ण आश्रम. सगळे एका खंदकाच्या आत. आणि नावांचंच म्हणाल तर २०१४ च्या १ नोव्हेंबरला, म्हणजे सीमाभागातली मराठी माणसं पाळतात त्या काळ्या दिनालाच, सरकारी कागदावर आपलं गाव बेळगावी झालं. जुनं नाव वेणुग्राम. आम्ही बेळगावच म्हणणार. म्हणून गावं तीन झाली का?

विवेकानंद १८९२ ला याच गावात मुक्कामाला होते. पुढच्या वर्षी शिकागोत त्यांनी महिम्न स्तोत्रातला श्लोक सांगितला, की नद्या सरळ जावोत नाहीतर वाकड्या, मिळतात समुद्रालाच. आता याहून सोपं करून काय सांगायचं?

खानापूर पश्चिम:
नद्यांचं आमच्यापुढं बोलू नका, आम्ही उगमावर राहतो. मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगवते, पूर्वेकडं जाते, कूडलसंगमला कृष्णेत मिसळते आणि बंगालच्या उपसागरात पडते. म्हादई आमच्याच तालुक्यातल्या जंगलातून निघते, पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी म्हणवून घेते आणि अरबी समुद्राला मिळते. पाऊस एका तालुक्याचा, समुद्र दोन. कळसा-भांडुरा योजनेतून एकीचं पाणी दुसरीत वळवू म्हटलं तर राज्यं लवादापुढं उभी राहिली. तेव्हा "शेवटी सगळं एकच" हे नदीकाठच्या माणसाला इतक्या सहज पटत नाही.

शहापूरकर:
समुद्र आतून एकच की हो. नकाशातली रेघ पाण्यात कुठं दिसते?

खानापूर पश्चिम:
मग भूगोलाच्या मास्तरांनी मला उगाच मारलं म्हणायचं.

संकेश्वरचा लिंगायत:
"देवनोब्ब, नाम हलवु." देव एक, नावं अनेक. बसवण्णांचं हे वचन आमच्याकडं भाषण करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. एवढं म्हटलं की टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या विषयाला जातो. पुढची ओळ कुणी म्हणत नाही. पुढं असं आहे की पतिव्रतेला नवरा एकच, दुसऱ्याला वाकलात तर तो नाक-कान कापील. आणि शेवटी विचारलंय, अनेक दैवतांचं उष्टं खाणाऱ्यांना काय म्हणू, कूडलसंगमदेवा?

आता शहापूरकरांच्या आजीला ते काय म्हणाले असते? (आजींचा मान ठेवून विचारतोय.) बाराव्या शतकातला हा माणूस "सगळे देव सारखे, कुठंही हात जोडा" असं सांगत नव्हता. इष्टलिंग, म्हणजे आम्ही अंगावर बाळगतो ते लिंग, तळहातावर आहे, बाकी दारं बंद, असं सांगत होता. "देव एक" याचे दोन अर्थ होतात: सगळे चालतात, किंवा दुसरा चालत नाही. लोक वाक्य दुसऱ्या अर्थाचं उचलतात आणि वापरतात पहिल्या अर्थानं.

तरी आमची आई दरवर्षी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाते, ते वेगळं. तिच्यापुढं हे वचन पुरं म्हणायची माझी छाती नाही.

वडगावची:
नाक-कान कापायचं कुठलं घेऊन बसलासा! सौंदत्ती तालुक्यातच हिरेबिदनूर म्हणून गाव हाय. मुसलमानाचं एक घर नाही, खरं मोहरम दरसाल करतात. मशिदीचं नाव काय, तर फकीरेश्वर स्वामी. पूजा करणारा हिंदूच. आता त्यास्नी जाऊन विचारा की, बाबांनो, तुम्ही कुठला देव पुजूलालासा? ते तुम्हालाच चहा पाजून परत पाठवतील. शहापूरकरांचं बरोबर हाय. भांडण शिकलेल्यांचं असतंय.

निपाणी स्टँड:
ताई, हिरेबिदनूरच्या लोकांबद्दल मला आदरच आहे. मात्र मोहरम म्हणजे करबल्याच्या शहादतीची आठवण. मोहरमात बसवतात त्या पंजापुढं नवस बोलणं आमच्यातल्याच कितीतरी जणांना मान्य नाही. म्हणजे तुम्ही ज्याला "मुसलमानांचा देव" म्हणून हात जोडता, तो आमच्या लेखी देव नाहीच. प्रेम खरं, हिशोब चुकला.

अल्लाचं म्हणाल तर कुराणात दोन्ही सापडतं. एकोणतिसाव्या सूरेत ग्रंथ मिळालेल्यांना, म्हणजे यहुदी-ख्रिस्त्यांना, सांगायला लावलंय की आमचा आणि तुमचा ईश्वर एकच आहे. आणि एकशे नववी सूरा, अवघ्या सहा ओळींची, मक्केतल्या मूर्तिपूजकांना उद्देशून: तुम्ही ज्याची भक्ती करता त्याची मी करत नाही, तुमचा धर्म तुम्हाला, माझा मला. "देव एकच का" याचं उत्तर समोर कोण आहे त्यावर बदलतं, आणि ते बदलणं ग्रंथातच आहे.

मला विचाराल तर ती सहा ओळींची सूराच जास्त आवडते. तिच्यात कुणी कुणाला आपल्यात ओढत नाही. मी दिवाळीला शेजाऱ्यांकडं चकल्या खातो, ते आमच्याकडं ईदला शीरखुर्मा पितात. त्यासाठी देव एक असावा लागला नाही.

कॅम्पातला:
आमच्या बाजूनं थोडं. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ ला गोव्यात राशोलला छापलं. पहिल्याच ओवीत "परमेश्वरा" अशी हाक आहे. म्हणजे शब्द त्यानं इथलाच घेतला. पण म्हणून त्याला विठोबा आणि ख्रिस्त एकच वाटत होते असं नाही, उलट लोकांना इकडून तिकडं नेण्यासाठीच पुराण लिहिलं. शब्द उसना, अर्थ स्वतःचा.

१९६५ साली व्हॅटिकनच्या परिषदेनं मुसलमान एकाच देवाची उपासना करतात असं आदरानं लिहून ठेवलं. पण पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हटलं की निपाणीचे भाऊ मान हलवणार, आणि ते काढून टाकलं तर आमच्याकडं उरतं काय? त्यामुळं मी स्वतः अर्ध्यावर उभा आहे. निर्माता एकच असेल, पण त्याची ओळख आम्हाला पटलेली तुम्हाला पटत नाही.

सदलग्याचा:
एवढं सगळं वाचलं. आम्ही जैनांनी कुठं बसायचं ते कुणी सांगेल का?

शहापूरकरांनी कमल बस्तीला खुशाल देवांच्या यादीत धरलं. आत नेमिनाथ आहेत, आमचे एक तीर्थंकर. त्यांनी जग निर्माण केलं नाही, ते जग चालवत नाहीत, आणि तुमची हाक ऐकून धावतही येणार नाहीत. ते मोकळे झाले, इतकंच. जगाचा कर्ता असा कुणी आम्ही मानतच नाही. आमच्या णमोकार मंत्रात एकाही देवाचं नाव नाही. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू, अशा पाच पदांना नमस्कार आहे, मग त्या पदावर कोणीही असो. चिकोडीकडं आमच्या समाजातला तंबाखू-ऊस करणारा शेतकरी रोज सकाळी हे म्हणतो आणि मग रानात जातो.

पाऊस लांबला की आमच्यातही पद्मावतीला साकडं घालतात, हे मी लपवत नाही. पण ती तीर्थंकरांची सेविका. जग तिनं केलेलं नाही.

"सगळ्यांचा देव एक" असं तुम्ही मोठ्या मनानं म्हणता, तेव्हा मी न मागितलेला एक देव माझ्या ताटात वाढला जातो. वर "नको" म्हटलं तर मीच आडमुठा ठरतो. तुमच्या साडूंचं बोलणं तोडून होतं, पण मला ते जवळचं वाटलं. त्यांनी निदान माझं वेगळेपण वेगळं राहू दिलं.

शहापूरकर:
याला माझ्याकडं उत्तर नाही. कमल बस्तीत मी लहानपणापासून जातो, छताचं कमळ बघत मान दुखेपर्यंत उभा राहतो, आणि आत बसलेल्याला काय मान्य आहे ते मला आज कळलं. "सगळ्यांचा" हा शब्द मागं घेतो. साडूंना हे सांगणार नाही.

पण बाकीच्यांच्या बाबतीत गावाच्या नावाचं उदाहरण टिकतं की नाही?

खानापूर पश्चिम:
नाही टिकत. सांगली जिल्ह्यात, विट्याकडं, दुसरं खानापूर आहे. मामांनी पुण्याहून गणपतीच्या आधी आमच्यासाठी सामान पाठवलं, पत्त्यात नुसतं "मु. पो. खानापूर". डबा तिकडं गेला, आला तेव्हा चतुर्थी उलटून गेली होती आणि करंज्यांना वास मारत होता. नाव एक, दोन्हीकडं तालुका, दोन्हीकडं मराठी. गाव मात्र दुसरंच.

बेळगाव आणि बेळगावी एकच, हे तुम्ही कशावरून म्हणता? स्टँडवर उतरून बघता येतं म्हणून. "दयाळू, सर्वशक्तिमान, एकमेव" हा पत्ता दोन धर्मांनी लिहिला तर तो बेळगाव-बेळगावीसारखा आहे की दोन खानापुरांसारखा, हे उतरून बघून कोण आलंय? एकच आहेत म्हणणाराही अंदाजानं बोलतो, वेगळे आहेत म्हणणाराही. तुमचे साडूसुद्धा.

संकेश्वरचा लिंगायत:
बसवण्णा अंदाजानं बोलत होते, हे मी मान्य करणार नाही. बाकी तुमच्या डब्याचं वाईट वाटलं.

शहापूरकर:
डब्यावर पत्ता लागतो. आजी स्वतः चालत जायची.

खानापूर पश्चिम:
तेही तीन ठिकाणी.

वडगावची:
ते राहूदे आता. शहापूरकर, मलिद्यात गूळ किती घालायच्या आजी? मी करतो तर सगळा मोकळाच होतोय, मूठ वळत नाही.

शहापूरकर:
मापानं नाही घालायची, हातानं. पण गूळ किसून घ्या, खडे ठेवू नका, आणि चपाती हाताला चटका बसतोय तोवरच कुस्करा. निवली की तूप कितीही घाला, वळत नाही.