मॅजिक नॅनोत नॅनो नव्हतंच
'नॅनो (म्हणजे मीटरच्या अब्जांशात मोजायच्या सूक्ष्म कणांचं) लिहिलेलं काहीही घरात आणायचं नाही' असं कुणीतरी लिहिलेलं वाचून २००६ सालचं जर्मनीतलं प्रकरण आठवलं. बाथरूमच्या काचा-टाइल्सवर मारायचा 'मॅजिक नॅनो' नावाचा स्प्रे एरोसोलच्या (दाबाखालच्या वायूने फवारा उडवणाऱ्या) डब्यात बाजारात आला आणि काही दिवसांतच शंभरेक लोकांना खोकला, धाप लागली. सहा जणांना तर फुप्फुसांत पाणी होऊन इस्पितळात ठेवावं लागलं. झालं, नॅनोच्या नावाने शंख! तपासात निघालं काय, तर डब्यात नॅनोकण नव्हतेच. नाव नुसतं मिरवायला. आधी हाच स्प्रे हाताने दाबायच्या पंपाच्या बाटलीतून विकत होते तेव्हा तक्रारी नव्हत्या. एरोसोलचे तुषार इतके बारीक की थेट फुप्फुसांत खोलवर.

म्हणून मी तरी लेबलापेक्षा वस्तू अंगात शिरणार कुठून ते बघतो. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन जखम नसलेल्या कातडीवर खुशाल चोपडतो (नॅनो असलं की पांढरं भूत दिसत नाही, हा फायदाच), पण तेच स्प्रेमधून तोंडावर मारणार नाही.

वास येऊ नये म्हणून चांदीचे नॅनोकण घातलेल्या मोज्यांचं दुखणं वेगळंच. काही मोज्यांतली चांदी चार धुण्यांत पाण्याबरोबर निघून जाते. मोज्यांना वास परत, चांदी गटारात.