ध्रुवीय अस्वल वाचवायचं तर शिकारीवर आणि कातडीच्या व्यापारावर पूर्ण बंदी हवी का?

दर्यावर्दी

ध्रुवीय अस्वलाच्या कातडीचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करा आणि कॅनडातली शिकार थांबवा, अशा मागणीचं एक सह्यांचं निवेदन सध्या फिरतंय. सोबत २०१७ साली गाजलेला तो व्हिडिओ जोडलाय: कॅनडाच्या उत्तरेकडच्या सॉमरसेट बेटावर, हाडं वर आलेलं एक अस्वल कसेबसे पाय ओढत चाललंय. मी सही केलेली नाही आणि तुम्हीही करू नये असं मला मनापासून वाटतं.

१९५०-६० च्या दशकांत या प्राण्याच्या मुळावर बंदूकच उठली होती. अलास्कात हौशी शिकारी विमानातून माग काढायचे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आमिष लावलेल्या खोक्यात बंदूक बसवून ठेवत. आमिष ओढलं की गोळी सुटायची, मग समोर नर असो की लेकुरवाळी मादी. १९७३ मध्ये कॅनडा, अमेरिका, डेन्मार्क, नॉर्वे आणि सोव्हिएत संघ यांनी ओस्लोत करार केला. शीतयुद्ध चालू असताना हे देश एका प्राण्यासाठी एकत्र बसले, ही लहान गोष्ट नव्हती. त्या करारातही स्थानिक लोकांच्या पारंपरिक शिकारीला जागा ठेवलेली होती.

आजचं दुखणं वेगळं आहे. अस्वलाचं मुख्य खाणं सील, आणि सील धरायला त्याला पायाखाली बर्फ लागतो. खुल्या पाण्यात सील त्याला सहज हुलकावणी देतो. वसंतात सीलची पिल्लं झालेली असताना जेवढं खाऊन घेतलं, त्या चरबीवर पुढचे महिने निघतात. तो बर्फ आता लवकर फुटतो आणि उशिरा धरतो. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापलंय. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातल्या इनुइट (तिथल्या मूळ रहिवासी) शिकाऱ्याची बंदूक काढून घेतली म्हणून तिथल्या हडसन उपसागरात बर्फ चार दिवस जास्त टिकणार आहे का?

शिवाय तिथे शिकार मोकाट नाही. प्रत्येक वस्तीला कोटा ठरवून दिलेला असतो. गावात शिरलेलं अस्वल जीव वाचवायला मारावं लागलं, तरी ते त्या वस्तीच्या कोट्यातून वजा होतं. वस्ती आपल्या वाट्याचा एखादा परवाना बाहेरच्या शिकाऱ्याला विकते, त्यानं मोठी रक्कम मिळते, मांस गावातच राहतं आणि मेलेल्या अस्वलांचा आकडा वाढत नाही. ज्यांच्या धुराड्यांतून हा धूर निघालेला नाही त्या माणसांच्या ताटावर आपण हात घालतोय. हे मला पटत नाही.

अनघा_के

दर्यावर्दी, दुखण्याचं मूळ बर्फ आहे याबद्दल दुमत नाही. पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढता तो उलटा आहे. बर्फ आपल्या हातात नाही, निदान येत्या दहा-वीस वर्षांत नाही. बंदूक हातात आहे. गट आधीच घटत असेल, तर जे मरण टाळता येतं ते टाळायला नको?

पश्चिम हडसन उपसागराचे आकडे बघा. १९८० च्या दशकात तिथे सुमारे १,२०० अस्वलं होती. २०१६ च्या हवाई गणतीत ८४२ निघाली, २०२१ मध्ये ६१८. पाच वर्षांत चौथा हिस्सा गेला. मादी चार-पाच वर्षांची झाल्याशिवाय वीत नाही, बहुतेकदा दोन पिल्लं होतात, ती अडीच वर्षं आईसोबत राहतात. म्हणजे तीन वर्षांत एक वीण, आणि त्यातलीही सगळी पिल्लं जगत नाहीत. अशा प्राण्यात एक मादी गेली की तिच्या मागची पुढची सगळी पिढी जाते.

आणि २०१९ च्या नुनावुतच्या व्यवस्थापन आराखड्यानं काय केलं? आधी दोन नरांमागे एक मादी हे शिकारीचं प्रमाण होतं, ते एकास एक करायला मुभा दिली. आकडे उतरत असताना माद्यांचा वाटा वाढवायचा, हे संवर्धन नाही. पारंपरिक हक्काचा मला आदर आहे, पण हक्क आहे म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, हे मान्य नाही.

सडेतोड

दोघंही एक गोष्ट बाजूला ठेवताय. १९६० च्या दशकात जगात पाच हजार अस्वलं आहेत असं सांगत होते. आज आययूसीएनचा (आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाचा) अंदाज २६,००० च्या आसपास आहे. स्वालबार्डभोवतीचा बर्फ सगळ्यात वेगानं कमी झाला, तरी तिथली अस्वलं धष्टपुष्ट आहेत, हे नॉर्वेच्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. आणि त्या २०१७ च्या व्हिडिओबद्दल बोलायचं, तर तो दाखवणाऱ्या नॅशनल जिऑग्राफिकनं पुढच्या वर्षी स्वतःच लिहिलं की हवामानबदलाशी थेट संबंध जोडताना आपण फार पुढे गेलो. ते अस्वल म्हातारं होतं, आजारी होतं की जखमी, हे कुणी तपासलेलंच नव्हतं. शाळकरी पोरांना असे व्हिडिओ दाखवून रडवायचं आणि त्याला जनजागृती म्हणायचं, याचा मला राग येतो.

पश्चिमवारा

सडेतोड, व्हिडिओबद्दल तुमच्याशी सहमत. एका अस्वलाच्या मरणावरून काहीच सिद्ध होत नाही. पण म्हणूनच एका स्वालबार्डवरूनही काही सिद्ध होत नाही.

पाच हजारांचा तो आकडा गणती नव्हता, अंदाज होता. त्या काळी रशियाच्या किनाऱ्यावर किती अस्वलं आहेत हे मोजायची सोयच नव्हती. आणि १९७३ नंतर काही भागांत संख्या सावरली असेल तर ती शिकार आवरल्यामुळे. अनघाताईंच्या बाजूनं जाणारा हा मुद्दा आहे, तुमच्या नव्हे.

आता स्वालबार्ड. तिथे नॉर्वेनं वॉलरसची शिकार १९५२ मध्ये बंद केली, हळूहळू वॉलरस परतले, त्यांचे मृतदेह अस्वलांना मिळतात. रेनडियर आहेत, पक्ष्यांची अंडी आहेत. बर्फ आक्रसला तर उरलेल्या तुकड्यांवर सील दाटीनं असतात, त्यामुळे काही काळ शिकार सोपीही जाते. हा काळ किती चालेल, हा खरा प्रश्न आहे.

मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते अलास्काच्या दोन बाजूंचं. पश्चिमेला चुकची समुद्र, उत्तरेला ब्यूफोर्ट. शेजारी-शेजारी, दोन्हीकडे बर्फ घटतोय. चुकचीत सुमारे ३,००० अस्वलं आहेत आणि ठीक आहेत. दक्षिण ब्यूफोर्टमध्ये २००१ ते २०१० या काळात संख्या चाळीसेक टक्क्यांनी घसरून ९०० वर आली. चुकचीचा तळ उथळ आणि रुंद, तिथे खाद्य भरपूर, म्हणून सीलही पुष्कळ. ब्यूफोर्टची उथळ पट्टी अरुंद आहे. बर्फ किनाऱ्यापासून मागे सरकला की तो खोल पाण्यावर जातो आणि तिथे सील विरळ. म्हणजे बर्फ किती उरला याइतकंच तो कुठे उरला हेही महत्त्वाचं. ध्रुवीय अस्वलांचे वीसेक गट मानतात आणि प्रत्येकाची कथा निराळी आहे. २६,००० ही एकच बेरीज हातात धरून ‘बरं चाललंय’ किंवा ‘संपलं’ म्हणणारे दोघंही घाई करतात.

मीनल_विनिपेग

मी कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात राहते, म्हणून चर्चिलबद्दल थोडं. हडसन उपसागराच्या काठचं हे लहान गाव. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अस्वलं बर्फ धरायची वाट बघत किनाऱ्यावर गोळा होतात आणि ती बघायला जगभरातून माणसं येतात. गावात घुसणाऱ्या अस्वलांसाठी कोठड्या असलेली इमारत आहे. पकडलेल्या अस्वलाला तिथे पाणी देतात, खायला देत नाहीत, नाहीतर ते खाण्यासाठी परत येईल. मग हेलिकॉप्टरनं लांब नेऊन सोडतात. उघडा कचरा डेपो २००५ मध्ये बंद केला, कारण अस्वलांना तिथली चटक लागली होती.

‘बर्फ नसेल तर जमिनीवर दुसरं काही खातील’ असं अनेक जण म्हणतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच भागातल्या वीस अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधले होते. ती बोरं खात होती, गवत, पक्षी, हाडं, मिळेल ते खात होती. काही तर लांब पोहून गेली. वीसपैकी एकोणीस अस्वलांचं वजन तरीही घटलं, काहींचं दिवसाला किलोपेक्षा जास्त. खाणं शोधण्यातच मिळवलेलं सगळं खर्च होतं.

आणि एक गोष्ट इथल्या चर्चेत कुणी काढली नाही. चर्चिलच्या उत्तरेला याच किनाऱ्यावर आर्विआत हे इनुइट गाव आहे. २०१८ मध्ये तिथे मुलांना वाचवताना एका बापाचा अस्वलानं जीव घेतला. त्याच उन्हाळ्यात नाउयात गावाजवळ आणखी एक माणूस गेला. तिथली माणसं म्हणतात, अस्वलं फार झालीत. शास्त्रज्ञ म्हणतात, कमी झालीत. मला दोघांचंही खरं वाटतं, कारण बर्फाविना अस्वलं जास्त दिवस जमिनीवर काढतात आणि म्हणून दारात जास्त दिसतात. अनघा, निवेदनावर सही मागताना आर्विआतच्या आईला आपण काय सांगणार आहोत, याचाही विचार कर.

अनघा_के

मीनलताई, तुमचं म्हणणं पोचलं. जीव वाचवण्यासाठी अस्वल मारावं लागलं तर त्याला माझा विरोध नाही, पोटासाठीच्या शिकारीलाही नाही. माझा आक्षेप कातडी परदेशी विकण्याला आणि पैसे मोजून मारायला येणाऱ्या पाहुण्यांना आहे. साइटीज या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात हा प्राणी परवान्यावर व्यापार चालणाऱ्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तो व्यापारी विक्रीवर बंदी असलेल्या पहिल्या परिशिष्टात न्यावा म्हणून अमेरिकेनं २०१० मध्ये दोहात आणि २०१३ मध्ये बँकॉकमध्ये प्रस्ताव मांडला, दोन्हीदा तो पडला. तो मंजूर व्हायला हवा होता असं माझं आजही मत आहे.

दर्यावर्दी

आणि तो पडला हे बरं झालं असं माझं. युरोपीय संघानं २००९ मध्ये सीलच्या वस्तूंवर बंदी घातली तेव्हा काय झालं ते आठवा. कागदावर इनुइटांना सूट होती. प्रत्यक्षात बाजारच बसला आणि सूट घेऊन कातडी विकायची कुणाला हा प्रश्न उरला. नुनावुतमध्ये रस्त्यानं माल पोचत नाही, विमानानं किंवा उन्हाळ्यातल्या जहाजानं येतो. दुकानातलं दूध-भाजी दक्षिणेच्या कितीतरी पट महाग. स्नोमोबाइलचं इंधन, काडतुसं याला रोकड लागते. जे अस्वल कोट्यात मारलं, खाल्लं, त्याची कातडी फेकून द्यायची का?

अनघा_के

कोटा किती असावा हे ठरवताना बाजारभाव डोक्यात नसतो, असं तुम्ही गृहीत धरलंय. शिवाय कोटा सगळीकडे सारखा नाही. क्यूबेकच्या उत्तरेकडे, नुनाविकमध्ये, दीर्घकाळ नुनावुतसारखा पक्का कोटाच नव्हता. तिथे भाव चढला तर कोण आवरणार?

वास्कोकर

आपल्या ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं घर गोव्यात, वास्कोला आहे. २००८ पासून स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंदला भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे आणि तिथून वस्तीबाहेर पडायचं तर अस्वलांमुळे बंदूक घेऊनच जावं लागतं. तिथल्या काँग्सफ्योर्ड या खाडीत पूर्वी हिवाळ्यात नेमानं बर्फ धरायचा. २००६ नंतर अटलांटिकचं उबदार पाणी आत शिरतं, तसा बर्फ आता क्वचितच धरतो. २०१४ पासून भारताची उपकरणं त्याच पाण्याखाली तापमान मोजतायत.

हे सांगायचं कारण, सगळ्यांचं बोट कॅनडाकडे आहे. २०१६ मध्ये भारताच्या सरकारी तेल कंपन्यांनी रशियातल्या वान्कोर तेलक्षेत्रात जवळजवळ निम्मा हिस्सा विकत घेतला. हे क्षेत्र आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे. २०२२ च्या आपल्या आर्क्टिक धोरणात संशोधनाबरोबर तिथल्या तेल-वायू-खनिजांबद्दलची उत्सुकताही स्पष्ट लिहिलेली आहे. निवेदन पाठवायचंच तर एक दिल्लीलाही पाठवा.

सडेतोड

वास्कोकर, आपल्याकडे अजून लाखो घरांत नीट वीज नाही. आर्क्टिकचं तेल आपण घेतलं नाही तर दुसरा घेईल. अस्वलासाठी भारतानं का थांबायचं?

पश्चिमवारा

दुसरा घेईल हे कारण १९७३ मध्ये पाचही देशांना देता आलं असतं.

अनघा_के

वास्कोकरांचा मुद्दा मी घेते. २०१० मध्ये अस्वलांचे अभ्यासक ॲमस्ट्रप आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात दाखवलं होतं की उन्हाळी बर्फ एखाद्या कड्यावरून कोसळल्यासारखा एकदम नाहीसा होणार नाही, तापमान जेवढं कमी वाढेल तेवढा तो जास्त उरेल. म्हणजे उत्सर्जन कमी केलं तर अस्वलांना खरोखर फायदा होतो, आणि तोवर आहेत त्या माद्या जगवणं म्हणजे वेळ विकत घेणं. मला या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत.

दर्यावर्दी, निवेदनाचा मसुदा बदलायला मी तयार आहे. तो व्हिडिओ काढते. शिकारबंदीची मागणी काढते. पश्चिम हडसनमध्ये मादीच्या शिकारीचं प्रमाण पुन्हा दोनास एक करा, ही मागणी ठेवते, आणि कातडीच्या निर्यातबंदीचीही ठेवते. वान्कोरबद्दलचं एक कलम तुम्ही आणि वास्कोकर लिहून द्या. मग सही कराल का?

दर्यावर्दी

माद्यांच्या प्रमाणाचं कलम तिथल्या शिकारी संघटनांशी बोलून ठरवावं, एवढं त्यात घाला, मग त्याला माझी हरकत नाही. वान्कोरचं रविवारपर्यंत लिहून देतो. निर्यातबंदीचं कलम असेपर्यंत सही नाही.